‘वय झालं’ म्हणून तिकीट बंद

सॉफ्टवेअरच्या धंद्यात तक्रारीला ‘तिकीट’ म्हणतात. ते बंद करायचे दोन रस्ते असतात. एक, बिघाड शोधायचा आणि दुरुस्त करायचा. दोन, ‘हा बिघाड नाहीच, सिस्टिम अशीच चालणं अपेक्षित आहे’ असा शेरा मारायचा आणि हात झटकायचे. दुसऱ्या रस्त्याला वेळ लागत नाही, पैसा लागत नाही आणि डॅशबोर्डवरचा लाल ठिपका लगेच हिरवा होतो. ज्याने तक्रार केली त्याचं काम तेवढं अडलेलंच राहतं.

साठी ओलांडलेल्या माणसांच्या नैराश्याचं आपल्याकडे नेमकं हेच होतं. घरचे करतात, शेजारचे करतात, पुष्कळदा डॉक्टरही करतात. शेरा दोनच शब्दांचा असतो: ‘वय झालं.’

जेवण जात नाही? वय झालं. पहाटे तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडून राहतात? वय झालं, झोप कमी होतेच. चाळीस वर्षं पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत पेपर वाचणारा माणूस आता पेपरची घडीही मोडत नाही? अहो, डोळे थकले, वय झालं. ‘देवानं आता उचलावं’ असं रोज म्हणतात? म्हातारी माणसं म्हणतातच तसं.

माझं म्हणणं सरळ आहे. हा शेरा खोटा आहे. उतारवयातलं नैराश्य हा आजार आहे. तो ओळखता येतो, त्यावर औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत आणि हे सगळं सत्तरीनंतरही उपयोगी पडतं. तरी ते मिळत नाही, कारण या वयाच्या माणसाचं बरं होणं आपण हिशेबातच धरलेलं नाही. आणि स्वतःच्या मानसिक आरोग्याबद्दल उठता-बसता बोलणारी आपली पिढी याबाबतीत आधीच्या पिढीइतकीच गप्प आहे. मला जास्त राग त्याचा आहे.

दहातली नऊ तिकिटं

भारतातल्या वृद्धत्वाचा सर्वांत मोठा अभ्यास ‘लासी’ या नावाने ओळखला जातो. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने त्याची पहिली फेरी २०१७-१८मध्ये केली. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना घरी जाऊन प्रश्न विचारले. साठीपुढच्या लोकांपैकी ८.३ टक्के लोकांच्या उत्तरांवरून त्यांना नैराश्याचा आजार असण्याची दाट शक्यता दिसली. आणि ‘तुम्हाला नैराश्य आहे’ असं कधी निदान झालेले किती होते? ०.८ टक्के.

म्हणजे दहा माणसांमागे एकाला निदान मिळालं. उरलेल्या नऊ जणांचं तिकीट कोणी उघडूनही पाहिलं नाही.

आता हाच आकडा उलटा वाचा. साठीपुढच्या १०० लोकांपैकी ९१ जणांना नैराश्य दिसलं नाही. त्यांचंही वय झालेलंच आहे. त्यांचेही गुडघे दुखतात, त्यांच्यातल्याही अनेकांचे जोडीदार गेलेत, मुलं लांब आहेत, पेन्शन पुरत नाही किंवा मुळात नाहीच. तरी ते सकाळी उठून चहात साखर कमी पडली म्हणून भांडतात. म्हातारपण हेच जर कारण असेल, तर या ९१ जणांना ते का लागू होत नाही?

यावर पुढचं उत्तर ठरलेलं असतं: ‘पण यांच्या दुःखाला कारण आहे ना! बायको गेली, आता माणूस उदास होणारच.’ दुःख होणारच, मान्य. दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. दुःखातला माणूस रडतो, आठवणी काढतो आणि मधेच नातवाच्या एखाद्या वाक्यावर हसतोही. नैराश्यातल्या माणसाला नातू आला काय नि गेला काय, सारखंच असतं. तो स्वतःला ओझं समजतो, निरुपयोगी समजतो. हे आठवडेच्या आठवडे चालतं, रोज, दिवसाचा बराच वेळ.

आणि समजा, कारण स्पष्ट आहे. म्हणून उपचार नकोत? ओल्या फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर ‘फरशी ओली होती ना, मग हाड मोडणारच’ असं म्हणून आपण माणसाला तिथेच झोपवून ठेवत नाही. कारण कळणं ही दुरुस्तीची सुरुवात असते. फक्त म्हाताऱ्या माणसाच्या मनाबाबतच कारण सापडलं की आपण फाइल बंद करतो.

‘उदास वाटतं’ असं कोणी म्हणत नाही

निदान न होण्याचं एक कारण भाषेत आहे. आपली पिढी ‘मला डिप्रेस्ड वाटतंय’ असं सोमवारच्या मीटिंगबद्दलही म्हणते. आजीच्या पिढीकडे तो शब्द नाही. ती म्हणते, करमत नाही. कशात जीव रमत नाही. उमेद राहिली नाही. आणि त्याहून जास्त वेळा ती शरीराबद्दल बोलते: अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, डोकं जड होतं, तळपायाची आग होते. डॉक्टर ईसीजी काढतात, रक्त तपासतात, ताकदीचं टॉनिक लिहून देतात. ईसीजी नीट येतो. घरचे म्हणतात, ‘काही नाही, नाटकं आहेत.’

तपासण्या चुकीच्या नाहीत, त्या कराव्याच लागतात. थायरॉइड मंदावलं, बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच सुस्त, उदास होतो. अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेल्यांपैकी जवळपास एकतृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येतं. पार्किन्सनमध्येही ते वारंवार दिसतं. ‘विसरायला होतं’ या तक्रारीमागेही कधी स्मृतिभ्रंश असतो, कधी नैराश्य, कधी दोन्ही. ते डॉक्टरनेच तपासायचं असतं. तक्रार अशी की सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर जो प्रश्न विचारायला हवा, तो विचारलाच जात नाही.

प्रश्न तयार आहेत. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास ज्येष्ठांसाठी एक प्रश्नावली बनवली. आधी ३० प्रश्नांची, मग १५ प्रश्नांची. उत्तरं फक्त हो किंवा नाही. तिच्यात झोप, भूक, दुखणीखुपणी यांबद्दल विचारणं मुद्दाम टाळलं आहे, कारण या वयात त्या तक्रारी इतर आजारांमुळेही असतात आणि गोंधळ होतो. त्याऐवजी विचारतात ते साधारण असं: आयुष्यात समाधान वाटतं का, पूर्वीचे उद्योग-छंद सोडून दिलेत का, बाहेर जाण्यापेक्षा घरात बसून राहावंसं वाटतं का. पाच-सात मिनिटांचं काम आहे. बीपी मोजायला पट्टा तरी लागतो, याला तेवढंही लागत नाही.

पण त्यासाठी डॉक्टरने पेशंटशी बोलावं लागतं. कुठल्याही दवाखान्यात बसून बघा. सत्तर वर्षांचा माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला असतो आणि डॉक्टर शेजारी उभ्या मुलाला विचारतात, ‘काय होतंय यांना?’ मुलगा सांगतो. सून भर घालते. ज्याचं दुखतंय तो टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत असतो.

थेरपी आपली, दोष त्यांचा

आता आपल्याबद्दल. थेरपी हा शब्द मराठी घरांत आणला तो आपल्या पिढीने. चांगलंच केलं. ट्रॉमा, टॉक्सिक, बाउंड्रीज हे शब्द आता नाश्त्याच्या टेबलावर ऐकू येतात. माझ्या ऑफिसच्या ॲपवर समुपदेशकाशी बोलायची काही सत्रं फुकट मिळतात. मित्र एकमेकांना थेरपिस्टचे नंबर देतात, जसे पूर्वी क्लासचे देत.

या सगळ्या बोलण्यात आपले आई-वडील आणि आजी-आजोबा असतात ते कोणत्या भूमिकेत? आरोपीच्या. थेरपीत त्यांच्याविषयी तासन्‌तास बोललं जातं. त्या खुर्चीत बसायचा हक्क त्यांनाही आहे, हे फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या कंपनीतली ती सोय कर्मचारी, जोडीदार आणि मुलं यांच्यापुरती आहे. मी एचआरला विचारलं, आई-वडिलांचं काय? उत्तर आलं, ‘तशी मागणी कधी आलेली नाही.’ हजारो माणसांच्या कंपनीत एकानेही मागितलं नाही. मला त्या कंपनीपेक्षा या वाक्याचा धक्का जास्त बसला.

विचारलं तर मित्र सांगतात, ‘या वयात त्यांना थेरपी काय कळणार? माणूस आता बदलतो का?’ ही समजूत नवी नाही. खुद्द सिग्मंड फ्रॉइडने १९०४ साली व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानात मांडलं होतं की पन्नाशीच्या आसपास मनाची लवचिकता संपते आणि म्हाताऱ्या माणसांना नवं काही शिकवता येत नाही. तेव्हा तो स्वतः ४८ वर्षांचा होता. त्यानंतर त्याने तीसहून अधिक वर्षं लिहिलं आणि स्वतःचे सिद्धांत अनेकदा बदलले. त्याच्या स्वतःच्या मनाला हा नियम काही लागू झाला नाही. पण समजूत टिकली.

१९६९मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने या वृत्तीला नाव दिलं: एजिझम, म्हणजे वयावरून भेदभाव. जातीवरून किंवा लिंगावरून कोणी उपचार नाकारले तर आपण ट्विटरवर रण माजवू. वयावरून नाकारले तर ‘प्रॅक्टिकल’ म्हणतो. याच बटलरने १९६३मध्ये लिहिलं होतं की म्हातारी माणसं जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा काढतात तो मेंदू थकल्याचा पुरावा नसतो. जगलेल्या आयुष्याचा हिशेब लावायचं ते काम असतं. त्यावरून पुढे उपचाराची एक पद्धतही निघाली. आपण मात्र ‘आजोबा, हे तुम्ही मागच्या वेळीच सांगितलंत’ म्हणून हेडफोन लावतो.

जिची भीती वाटायला हवी ती गोळी

औषधांबाबत आपल्याकडे भीती भरपूर आहे, फक्त ती भलत्या गोळीची आहे. त्यासाठी घरचंच उदाहरण देतो.

माझे आजोबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतरही स्टँडवर रोज चक्कर. कोणती गाडी किती मिनिटं उशिरा आली हे त्यांना तोंडपाठ असायचं. आजी गेली आणि काही महिन्यांत चक्कर बंद झाली. जेवण अर्ध्यावर आलं. बोलणं ‘हं’ आणि ‘नको’ एवढ्यावर. गावातल्या डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी दिली. ती पंधरा दिवसांसाठी होती की कायमची, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. मेडिकलवाला रिकामी पट्टी बघून नवी द्यायचा. दीड वर्ष हे चाललं. मग एका रात्री बाथरूमला जाताना तोल गेला, मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, कॅल्शियम लिहून दिलं. पडलात का, हे कोणी विचारलं नाही.

अल्प्राझोलाम आणि त्या कुळातल्या गोळ्या ज्येष्ठांना शक्यतो टाळाव्यात असं वृद्धवैद्यकाचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तोल जातो, माणूस पडतो, स्मरण मंदावतं, सवय लागते. नैराश्य तर त्यांनी बरं होतच नाही. आपल्या कायद्यानुसार ही गोळी ‘एच-१’ यादीत आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि दुकानदाराने वेगळी नोंद ठेवायची. प्रत्यक्षात ती गोळी चहा-बिस्किटांसोबत घेतली जाते आणि घरात कोणाला तिची भीती वाटत नाही. ‘साधी झोपेची आहे.’

भीती वाटते ती नैराश्यावरच्या खऱ्या औषधांची. ‘डोक्याच्या गोळ्या सुरू झाल्या की सुटत नाहीत.’ एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थपणा असा त्रास होऊ शकतो, म्हणून हळूहळू बंद करतात. त्यांचे दुष्परिणामही आहेत, ते लपवायचं कारण नाही. वयस्कर माणसांत त्या रक्तातलं सोडियम उतरवू शकतात. बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो, म्हणून सोडियम तपासायचं. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या सोबत असतील तर रक्तस्रावाकडे लक्ष ठेवायचं. जुन्या पिढीतली ट्रायसायक्लिक औषधं कामाची असली, तरी बद्धकोष्ठता, लघवी अडणं, गोंधळल्यासारखं होणं यांमुळे या वयात ती जपूनच देतात. हे सगळं सांभाळता येतं. मधुमेहाच्या औषधांचेही धोके असतातच, म्हणून आपण साखर तशीच वाढू देत नाही.

आजोबांना शेवटी जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. दारातच ते म्हणाले, ‘मला काय वेड लागलंय का?’ डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘बीपीची गोळी घेताना विचारलंत का, माझं हृदय बंद पडलंय का? बसा आजोबा.’ मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. अर्धा तास ते एकटे त्यांच्याशी बोलले. गेल्या दोन वर्षांत ते कोणाशी एवढं बोलले नव्हते.

अल्प्राझोलाम एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने उतरवली. थायरॉइड, बी-१२, सोडियम तपासलं. एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅमवर सुरू केली, मग १० केली. चार ते सहा आठवडे फरक दिसणार नाही, या वयात जास्तही लागू शकतात, तोवर गोळी सोडायची नाही, असं बाईंनी तीनदा बजावलं. ते फार महत्त्वाचं होतं. या औषधांचं अपयश पुष्कळदा तिसऱ्या आठवड्यात ठरतं, जेव्हा मळमळ जाणवलेली असते, गुण आलेला नसतो आणि कोणीतरी नातेवाईक फोनवर म्हणतो, ‘कशाला त्या गोळ्या, सकाळी फिरायला न्या.’ दुसरी चूक बरं वाटल्यावर होते. गुण आला की लगेच बंद. खरं तर या वयात बरं वाटल्यानंतरही साधारण वर्षभर औषध चालू ठेवायला सांगतात, कारण आजार परत फिरतो.

नुसत्या गप्पा नव्हेत

गोळीबरोबर दर आठवड्याला समुपदेशक. इथे घरात पुन्हा कुरकूर झाली: ‘बोलायचे पैसे? बोलायला आम्ही नाही का?’

नाही. घरच्यांशी बोलणं आणि उपचार म्हणून बोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांच्या समुपदेशकाने बालपणापासून सुरुवात केली नाही. त्याने विचारलं, दिवसातला कोणता वेळ सर्वांत जड जातो? उत्तर आलं: दुपारी दोन ते पाच. दोघांनी मिळून त्या तीन तासांत काय करता येईल याची यादी केली. एक गोष्ट निवडली, ती एवढी लहान की न जमायला जागा नाही. पहिल्या आठवड्यात फक्त तीन वाजता चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत जायचं. केलं की कॅलेंडरवर खूण. दुसऱ्या आठवड्यात पुलापर्यंत. पाचव्या आठवड्यात स्टँड. तिसऱ्या महिन्यात त्यांनी नव्या वेळापत्रकाला शिव्या घातल्या आणि सगळ्या घराला हायसं वाटलं. आजी गेल्याचं दुःख गेलेलं नाही. तिच्या वर्षश्राद्धाला ते रडले. पण त्या दिवशी ते जेवलेही.

आधी मन लागेल आणि मग माणूस उठेल, हा आपला क्रम. या उपचारात तो उलटा करतात: आधी उठायचं, मन मागून येतं. याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. अडचणी एकेक करून कागदावर मांडून सोडवण्याच्या पद्धतीला प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी म्हणतात. यात सत्तर वर्षांच्या माणसाला न समजण्यासारखं काय आहे? उलट, आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं लावणाऱ्या माणसाला हे माझ्यापेक्षा लवकर कळलं.

एका घराच्या अनुभवावरून नियम काढू नये, म्हणून अभ्यास बघू. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या चार्ल्स रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांचं काम १९९९मध्ये प्रसिद्ध झालं. नैराश्यातून बरे झालेले, साठीच्या आसपासचे आणि पुढचे १०७ लोक त्यांनी घेतले. प्रश्न होता, तीन वर्षांत आजार किती जणांमध्ये परततो? औषध नाही, थेरपी नाही, फक्त भेटी आणि पोकळ गोळी: ९० टक्के. पोकळ गोळीसोबत महिन्याला एकदा थेरपी: ६४ टक्के. नॉरट्रिप्टिलिन हे औषध आणि भेटी: ४३ टक्के. औषध आणि थेरपी दोन्ही: २० टक्के.

याच गटाचा २००६चा अभ्यास सत्तरीपुढच्या लोकांवर होता, औषध पॅरोक्सेटिन. तिथे औषधाने आजार परतण्याचं प्रमाण बरंच कमी झालं, पण महिन्याला एकदाच्या थेरपीची वेगळी मदत दिसली नाही. हेही सांगायलाच हवं. ‘गोळ्या नकोत, नुसतं बोलून बरं करू’ म्हणणाऱ्यांना हा अभ्यास आवडणार नाही, पण सत्तरीपुढे, विशेषतः आजार पुन्हा पुन्हा येत असेल, तर औषध हा आधाराचा खांब आहे. कोणाला काय आणि किती द्यायचं, हे माणूस बघून ठरतं. त्यासाठी दोन्ही गोष्टी उपलब्ध तर हव्यात.

२००२चा ‘इम्पॅक्ट’ अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतले १८ दवाखाने, साठीपुढचे १,८०१ पेशंट. अर्ध्यांना नेहमीसारखी सेवा. उरलेल्यांसाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरच्याच दवाखान्यात एक प्रशिक्षित नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ बसवला. तो औषध समजावून सांगणार, प्रॉब्लेम सॉल्व्हिंगची सत्रं घेणार, फोन करून विचारणार आणि गुण येत नसेल तर डॉक्टरला उपचार बदलायला सांगणार. वर्षभराने लक्षणं निम्म्याने तरी कमी झालेले लोक नेहमीच्या सेवेत १९ टक्के होते, या पद्धतीत ४५ टक्के. नवं औषध शोधलं नव्हतं. पाठपुरावा करणारं एक माणूस वाढवलं होतं.

‘हे सगळं तिकडचं’ असं वाटत असेल तर गोव्याला चला. तिथे ‘संगत’ या संस्थेच्या लोकांनी सरकारी प्राथमिक आरोग्य सेवेत साठीपुढच्या १८१ जणांबरोबर काम केलं. त्यांना सौम्य लक्षणं होती, आजार अजून पूर्ण जडलेला नव्हता. निम्म्यांना नेहमीची सेवा. उरलेल्यांकडे मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक गेले. अडचणी सोडवायची पद्धत, झोपेच्या सवयी, बीपी-मधुमेहाची काळजी आणि सरकारी योजनांसाठी लागणारी मदत, एवढंच. २०१९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात नेहमीच्या सेवेतल्या ९० पैकी १३ जणांना नैराश्याचा पूर्ण आजार झाला. समुपदेशक भेटलेल्या ९१ पैकी चौघांना.

सावंतवाडीपासून दोन तासांच्या आत हे घडलं आहे. ‘आमच्या म्हाताऱ्यांना नाही जमणार’ हे वाक्य यानंतर कोणत्या तोंडाने म्हणायचं?

प्रेम हे औषध नव्हे

दोन आक्षेप उरतात. पहिला भावनिक: ‘मुलांनी वेळ दिला तर गोळ्या लागणार नाहीत.’ या विषयावर आपण सिनेमे काढलेत, व्हॉट्सॲपवर दर रविवारी एक रडकी गोष्ट येते. वेळ द्यावाच. पण नैराश्य सोळा माणसांच्या वाड्यातही येतं. आजाराला प्रेमाची कमतरता ठरवलं की दोन नुकसानं होतात. मुलं अपराधीपणात बुडतात आणि आजारी माणसाला वाटतं, एवढं सगळे करतात तरी मला बरं वाटत नाही, म्हणजे मीच कृतघ्न.

दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे: ‘प्रश्न सामाजिक आहे. पेन्शन नाही, फुटपाथ नाहीत, गावं रिकामी झाली. गोळी देऊन तुम्ही राजकारण दडपता.’ पेन्शन आणि फुटपाथ हवेतच. पण ते होईपर्यंत आज पहाटे तीनला जागा असलेल्या माणसाने काय करायचं? शिवाय नैराश्यातला माणूस पेन्शनच्या मोर्चाला येत नाही. तो अंथरुणातून उठत नाही.

खरा अडथळा वेगळा आहे, तो म्हणजे सोय. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना बजावलं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवा. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात आणि समुपदेशनासाठी कोणी भरती होत नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४पासून मिळालेलं आयुष्मान कार्डही मुख्यतः भरतीसाठीच. म्हणजे खुबा मोडला तर पैसे मिळतील. ज्या उपचाराने कदाचित तो मोडला नसता, त्याला मिळणार नाहीत.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पुण्यासारख्या शहरांत ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत. तिथे कॅरम आणि पेपर असतात. आठवड्यातून एक दिवस गोव्यासारखा प्रशिक्षित समुपदेशक बसवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीसोबत ते १५ प्रश्न विचारा. विम्यात बाह्यरुग्ण समुपदेशन घाला. आणि आपल्यासारख्यांनी एचआरला ई-मेल पाठवून ती मागणी नोंदवा, म्हणजे ‘कधी आलेलीच नाही’ हे उत्तर तरी बंद होईल.

घरात करायचं काम त्याहून सोपं आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा औषधांचा डबा उघडून बघा. झोपेची गोळी किती महिने चालू आहे ते विचारा. ती स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. ‘उचलावं आता’ हे वाक्य ऐकलं तर हसून टाळू नका. जीव द्यावासा वाटतो का, असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आणि या वयातले प्रयत्न तरुणांच्या मानाने अधिक वेळा जीवघेणे ठरतात. उत्तर ‘हो’ असेल तर माणसाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांना दोन प्रश्न पुरतील. गेल्या दोन आठवड्यांत बरेच दिवस उदास, हताश वाटलं का? आणि पूर्वी ज्यात मन रमायचं, त्यातलं काही करावंसं वाटेनासं झालंय का? शेजारी बसून विचारा, मुलाला किंवा सुनेला नव्हे, त्यांनाच. उत्तर ‘हो’ आलं तर अपॉइंटमेंट घ्या. दवाखान्यात वय विचारतील. ते सांगा, फॉर्मवर तसा रकाना असतो. निदानाच्या रकान्यात मात्र ते कोणाला लिहू देऊ नका.